गाडीवरची कोळिष्टकं

काळी गाडी घेऊ नकोस, असं मला तीन जणांनी सांगितलं होतं. एक ऑफिसातला सहकारी, एक शेजारी आणि तिसरी बायको. मी तिघांचंही ऐकलं नाही. दोह्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, वाळवंटाची धूळ बारा महिने उडत असते, त्यामुळे शहाणी माणसं इथे पांढऱ्या गाड्या घेतात. मला एक सेकंडहँड काळी सेडान स्वस्तात मिळाली आणि मोह आवरला नाही.

पहिले दोन महिने मजेत गेले. मग एका रात्री इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नेमकी दिव्याखाली जागा मिळाली. उतरलो, सहज बॉनेटकडे पाहिलं आणि पोटात गोळा आला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती शेकडो बारीक बारीक गोल चरे! कोळ्याने जाळं विणावं तसे. मी दोन पावलं डावीकडे सरकलो, तर ते जाळंही माझ्याबरोबर सरकलं.

आता राग कोणावर काढायचा? आमच्या इमारतीत एक नेपाळी भाऊ पहाटे एक बादली आणि दोन-तीन फडकी घेऊन येतो आणि महिन्याच्या ठरलेल्या पैशांत गाड्या पुसून देतो. गुन्हेगार आयता सापडला! उद्या पहाटे लवकर उठायचं आणि याला धरायचं, असं ठरवून मी वर गेलो.

पण मंडळी, माझी पीएच.डी. नेमकी घर्षण आणि झीज याच विषयातली. ("आमचा मुलगा घासाघाशीत डॉक्टर झाला," असं बाबा नातेवाइकांना सांगतात.) एवढी वर्षं परदेशात राहून हा विषय शिकलेल्या माणसाने पुरावा न तपासता भांडायला जाणं बरं दिसत नाही. म्हणून आधी थोडं वाचलं. त्या रात्री आणि पुढच्या काही रात्रींत मोटारीच्या रंगाची जी कथा हाती लागली, ती आज सांगतो. भांडणाचं काय झालं ते शेवटी.

ताटातला दिवा

हे जाळं पाहायला काळी गाडी घ्यायलाच हवी असं नाही. स्वयंपाकघरातलं स्टीलचं जुनं ताट घ्या आणि बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघा दिसतील. तुमच्या घरी कोणी ताट इतकं नेमकं गोल गोल घासत नाही. घासणी आडवी, उभी, तिरकी, कशीही फिरते, त्यामुळे चरे सगळ्या दिशांना असतात. पण प्रत्येक चरा प्रकाश फेकतो तो त्याच्या लांबीला काटकोनात. म्हणून प्रतिबिंबाभोवती कल्पनेने वर्तुळं काढली, तर त्या वर्तुळांच्या रेषेत पडलेले चरे तेवढे तुमच्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवतात. बाकीचे असतात तिथेच, पण त्यांचा प्रकाश भलतीकडे जातो. तुम्ही हललात की दुसऱ्या चऱ्यांची पाळी. जाळं माझ्याबरोबर चालत होतं ते यामुळे.

काळ्याच गाडीवर का? तर पांढऱ्या रंगातून एवढा प्रकाश परत येतो की चऱ्यांची चमक त्यात बुडून जाते. काळा रंग जवळजवळ काहीच परत करत नाही, त्यामुळे अंधाऱ्या आकाशातल्या चांदण्यांसारखा एकेक चरा उठून दिसतो. म्हणजे पांढऱ्या गाडीवालेही सुटलेले नाहीत, त्यांना फक्त कळत नाही. (हे शेजाऱ्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.)

मग हे चरे काढायचे कसे? यावर माणसं फार जुन्या काळापासून विचार करत आली आहेत. न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेला पॉलिश करण्याबद्दल जे लिहिलं त्याचा आशय असा, की बारीक भुकटीने घासल्यावर चरे नाहीसे होतात असं समजू नका. मोठे चरे जाऊन त्यांच्या जागी इतके बारीक चरे येतात की ते दिसत नाहीत, एवढंच. दोनशे वर्षांनी जॉर्ज बेल्बी या शास्त्रज्ञाने वेगळंच मांडलं. घासताना पृष्ठभागाचा अगदी वरचा थर वाहतो आणि खळगे बुजवतो, असं त्याचं म्हणणं. १९२१ साली त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि बरीच वर्षं लोकांनी ते मानलंही. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले आणि दिसून आलं की बहुतेक ठिकाणी न्यूटनचंच खरं होतं. पॉलिश म्हणजे मुख्यतः बारीक कापणं. खळगा भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूची जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बंदुकीच्या दारूतून ड्युको

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढलेल्या बग्ग्या. त्यांचा रंगही बग्गीचाच. जवसाच्या तेलातला रंग आणि वर व्हार्निश, एकावर एक कित्येक हात. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं, मग ज्वालामुखीतल्या सच्छिद्र दगडाच्या भुकटीने तो पाण्यात घासायचा, मग पुढचा हात. एक गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे. फोर्डने सरकत्या पट्ट्यावर गाड्या बांधायला सुरुवात केल्यावर तर पंचाईतच झाली. गाडी तासांत जुळते आणि रंग आठवडे वाळतो! १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळत होती. भट्टीत भाजून पक्का करायचा हा काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि या घाईला सोयीचा होता.

कोंडी फुटली ती भलत्याच ठिकाणाहून. ड्यूपाँ ही अमेरिकन कंपनी पहिल्या महायुद्धात बंदुकीची दारू बनवून गब्बर झाली होती. युद्ध संपलं, आणि नायट्रोसेल्युलोज बनवण्याचे अवाढव्य कारखाने रिकामे पडले. त्याच पदार्थापासून सिनेमाची फिल्मही बनायची. या खटाटोपात १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना पातळ पण भरपूर रंगद्रव्य धरणारं, भराभर वाळणारं लॅकर सापडलं. त्याचं नाव ठेवलं 'ड्युको'. ड्यूपाँचा जनरल मोटर्समध्ये मोठा हिस्सा होता, त्यामुळे गिऱ्हाईक घरचंच होतं. १९२४ च्या ओकलंड गाड्या निळ्या ड्युकोत बाजारात आल्या आणि रंगकामाचे आठवडे तासांवर आले. जनरल मोटर्सच्या चार्ल्स केटरिंगबद्दल एक गोष्ट सांगतात. रंग लवकर वाळूच शकत नाही असं म्हणणाऱ्या एका रंगवाल्याला त्याने जेवायला नेलं, कोणता रंग आवडतो ते बोलता बोलता काढून घेतलं, आणि परत आल्यावर त्या गृहस्थाला आपली गाडी सापडेना. ती त्याने सांगितलेल्या रंगात समोरच उभी होती! खरं-खोटं केटरिंगच जाणे.

ड्युको हा शब्द वाचून तुमच्यातले काही जण हसले असतील. आपल्याकडे आजही कपाटाला 'ड्युको' मारतात, गॅरेजात 'ड्युको' करून देतात. सुतारकाकांना ठाऊक नसेल, पण तो शब्द शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुकीच्या दारूच्या कारखान्यातून आलेला आहे.

पण ड्युकोची एक खोड होती. तो वाळला की मंद दिसायचा. चमक आणायची तर रबिंग कंपाउंड लावून घासावंच लागायचं. म्हणजे घासणं हा दुरुस्तीचा भाग नव्हता, रंगकामाचीच ती शेवटची पायरी होती. याच सुमारास, १९२१ साली, पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिशपेपर बाजारात आला. आपल्याकडचा 'वॉटर पेपर' तो हाच. त्याचा मोठा फायदा असा की घासताना धूळ उडत नाही, आणि त्या काळच्या रंगात शिसं असल्यामुळे ती धूळ विषारी होती. चमकणाऱ्या गाडीमागे कोणाची तरी फुप्फुसं असायची, हे तेव्हापासूनचंच.

ड्युकोनंतर एनॅमल आलं, अ‍ॅक्रिलिक आलं. पण एक गोष्ट तशीच राहिली. रंग एकजीव असायचा, वरपासून खालपर्यंत तोच. माझ्या काकांकडे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी होती, फिकट निळी. दिवाळीच्या आधी काका तिला पॉलिश करायला आम्हा पोरांना बसवायचे आणि आमची फडकी निळी व्हायची. "रंग निघतोय काका!" असं मी ओरडलो की काका म्हणायचे, "निघू दे, खाली अजून आहे."

काचेसारखा कोट

काकांचं ते वाक्य आज खरं राहिलेलं नाही, आणि गोम इथेच आहे.

१९८०च्या दशकात बहुतेक कंपन्या दोन थरांच्या रंगाकडे वळल्या. खाली रंगाचा पातळ थर आणि वर पारदर्शक 'क्लिअर कोट'. धातूची चमक असलेल्या रंगांत अ‍ॅल्युमिनियमचे कण असतात, ते उघड्यावर टिकत नाहीत. त्यांना पारदर्शक थराखाली गाडलं की उन्हापावसापासून ते वाचतात, आणि वरून काचेसारखी खोली दिसते. आता गाडी कारखान्यातून चमकतच बाहेर पडू लागली, घासण्याची पायरी गेली.

हा क्लिअर कोट केवढा जाड असतो? साधारण चाळीस मायक्रॉन. हातातल्या वर्तमानपत्राचा कागदसुद्धा त्याच्यापेक्षा जाड असतो. या चाळीस मायक्रॉनमध्येच ऊन अडवणारी रसायनं असतात. पुसताना पडणारा बारीक चरा असतो एखाद-दुसरा मायक्रॉन खोल. तो काढायचा म्हणजे न्यूटनच्या हिशेबाने आजूबाजूचं सगळं बॉनेट तेवढं खाली आणायचं. एका जोरदार पॉलिशमध्ये दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. आता फडक्याला रंग लागत नाही, त्यामुळे काही गेलं हे कळतसुद्धा नाही. असं चार-पाच वेळा झालं आणि वर दोह्याचं ऊन, की एक दिवस छतावरचा कोट सापाच्या कातीसारखा सुटायला लागतो.

कंपन्या स्वस्थ बसल्या आहेत असं नाही. २००३ मध्ये मर्सिडीजने क्लिअर कोटमध्ये सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण घातले, म्हणजे चराच पडू नये. २००५ मध्ये निसानने उलटी युक्ती केली. कोट जरा लवचिक ठेवला, म्हणजे बारीक चरा उन्हाच्या उबेने आपोआप भरून यावा. दोन्ही युक्त्या चांगल्या आहेत, पण फडक्याखाली रगडल्या जाणाऱ्या खड्याचं पूर्ण समाधान दोन्हींत नाही.

आणि बाजारात 'चरे घालवणारी' म्हणून ज्या बाटल्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच मेण नाहीतर तेलाने खळगे भरतात. दोन-चार धुण्यांत ते निघून जातं आणि कोळिष्टकं परत हजर. त्यात कोटाचं नुकसान नाही, फक्त खिशाचं.

धूळ, दव आणि पाणी

आता कतारकडे येऊ. इथे 'शमाल' नावाचा वायव्येचा वारा सुटतो, विशेषतः जून-जुलैत. मला आधी वाटत होतं की हा वारा वाळू फेकून गाडी घासतो. तसं महामार्गावर, वादळात, गाडीच्या नाकावर होतं खरं. पण पार्किंगमधल्या गाडीवर जी बसते ती वाळू नसते, पिठासारखी धूळ असते. दोह्याच्या धुळीत मोठा वाटा चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि तिच्यात मिसळलेले गारगोटीचे कण. ती नुसती बसली म्हणून चरा पडत नाही.

गंमत रात्री होते. समुद्र जवळ, हवा दमट, त्यामुळे पहाटे दव पडतं. धूळ भिजते, तिच्यातले क्षार विरघळतात, आणि सूर्य वर आला की सगळं वाळून सिमेंटसारखं घट्ट बसतं. इथल्या एज्युकेशन सिटीत कतार पर्यावरण आणि ऊर्जा संशोधन संस्थेचं सौर पॅनेलांच्या चाचणीचं मैदान आहे. तिथल्या पॅनेलांवर संशोधकांनी हीच दव आणि धुळीची जोडगोळी अभ्यासली आहे. पॅनेल असो की बॉनेट, धुळीला काय फरक पडतो?

मग यायचं पाणी. कतारमध्ये एकही नदी नाही. नळाला येतं ते जवळजवळ सगळं समुद्राचं खारं पाणी गोडं केलेलं. तळघराच्या पार्किंगमध्ये तर पाण्याची नळी लावून गाडी धुवायला परवानगीच नसते. म्हणजे मार्ग उरतो एकच, ओलं फडकं. चिकटलेली धूळ, तिच्यात गारगोटीचे कण, वरून फडकं, आणि त्यावर माणसाचा हात. माझ्या प्रयोगशाळेत झीज मोजायला आम्ही जे यंत्र वापरतो, ते अगदी हेच करतं.

दीड लाख नव्हे, पंधरा लाख मोती

या वाचनाच्या दिवसांतच सासू-सासरे आले होते, म्हणून त्यांना घेऊन राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. वाळवंटातल्या 'गुलाबा'च्या आकाराची ही इमारत २०१९ मध्ये उघडली. तिथे एका दालनात आपलं माणूस भेटावं तसं झालं. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा! त्यावर सुमारे पंधरा लाख मोती आहेत. (सासरे दीड लाख म्हणत होते, मी दुरुस्ती केली आणि बायकोने डोळे वटारले.) मदिनेला अर्पण करण्यासाठी तो बनवला असं सांगतात, पण १८७० मध्ये खंडेराव वारले आणि तो बडोद्यातच राहिला. २००९ मध्ये दोह्यात त्याचा लिलाव झाला, सुमारे ५५ लाख डॉलरना. बसऱ्याचे मोती म्हणून आपल्या आज्या ज्यांचं कौतुक करायच्या, ते याच आखाताच्या तळातून निघायचे आणि मुंबईच्या बाजारात यायचे. म्हणजे हे मोती फिरून आपल्या समुद्रापाशी परत आले म्हणायचे.

मोती म्हणजे काय? अर्ध्या-अर्ध्या मायक्रॉनच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या थरांवर थर. माझ्या बॉनेटवरच्या धुळीत जो पदार्थ आहे तोच! शिंपल्याने तो नीट रचला की मोती, वाऱ्याने उधळला की धूळ. मोत्यांच्या व्यापारात एक अवघड कला होती. वरच्या थरावर डाग किंवा चरा असेल तर कसबी माणूस तो पापुद्रा सोलून काढायचा. खाली चांगला थर निघाला तर किंमत वाढली, नाही निघाला तर मोती लहान झाला आणि पैसेही गेले. त्याला पक्कं ठाऊक असायचं की सोललेला थर परत येत नाही.

आणि ते मोती काढायचं कोण? नाकाला चिमटा, पायाला दगड बांधून बुडी मारणारे पाणबुडे. ते हंगामाआधी उचल घेऊन होडीवर चढायचे. होडीच्या प्रमुखाला इथे 'नोखदा' म्हणतात, आपल्या कोकणातला 'नाखवा' त्याचाच भाऊ. हंगाम वाईट गेला की उचल फिटायची नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बुडी. १९२९ ची मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी हा धंदा बुडवला, आणि कतारने उपासमारीची वर्षं पाहिली. दुखानला १९३९ मध्ये तेल लागलं, पण महायुद्ध आडवं आलं. तेलाचं पहिलं जहाज निघालं ते १९४९ च्या अखेरीस. मोटारी, रस्ते, तळघरातली पार्किंगं, हे सगळं त्यानंतरचं.

भांडणाचं काय झालं

शेवटी एका पहाटे साडेचारला खाली गेलोच. भाऊ बादली घेऊन आलेला होता. मी भांडलो नाही, नुसता पाहत उभा राहिलो. एका बादलीत चार-पाच गाड्या. पहिल्या गाडीला पाणी स्वच्छ, माझी होती चौथी. फडकं बादलीत बुडवायचं, पिळायचं, पुसायचं. आधीच्या तीन गाड्यांची धूळ त्या पाण्यातून माझ्या बॉनेटवर येत होती.

मी हळूच चरे दाखवले. तो म्हणाला, "मालूम है सर. पानी कम है ना." त्याला माझ्याआधीपासून माहीत होतं! मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो नुसता हसला. बोलून काय झालं असतं, हे मलाही कळलं. मीच म्हणालो असतो, जमत नसेल तर राहू दे, दुसरा बघतो. घरून कर्ज काढून इथे आलेला माणूस असं बोलण्याचा धोका पत्करत नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या दोन महिन्यांत मी स्वतः तीन-चार वेळा कोरड्या टिश्यूने बॉनेटवरची धूळ झटकली होती. ते मला सोयीस्करपणे आठवत नव्हतं.

एका दुकानात चरे काढून देण्याचा भाव विचारला होता. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान मूळ वेतन महिना १००० रियाल आहे, आणि दुकानदाराचा आकडा त्याच्या वर होता. एका माणसाच्या महिन्याभराच्या कष्टांहून महाग, आणि पंधरा दिवसांत त्याच बादलीने चरे परत. म्हणून तो बेत सोडला.

त्याऐवजी जे केलं ते साधं आहे. सहकाऱ्याकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. छतावर कोट आधीच पातळ निघाला, म्हणजे आधीच्या मालकाने घासून घेतलं होतं. तिथे हात लावला नाही. बॉनेटवर एक सुट्टी घालवून बारीक पॉलिशने हलकेच एक हात फिरवला. नखाला लागणारे खोल चरे तसेच ठेवले. त्यांच्या तळापर्यंत जायला कोट पुरणार नाही. आणि संध्याकाळी घरी येताना आता पाच लिटरचे दोन कॅन भरून खाली ठेवतो, शिवाय मऊ मायक्रोफायबरची सहा फडकी. एका कॅनचं पाणी आधी नुसतं ओतायचं, धूळ भिजून सुटू द्यायची, मग न दाबता पुसायचं, फडकं मळलं की बदलायचं. महिन्याचे पैसेही थोडे वाढवले, कारण माझ्या गाडीला आता त्याला पाच मिनिटं जास्त लागतात.

मागच्या आठवड्यात पुन्हा त्याच दिव्याखाली जागा मिळाली. कोळिष्टकं आहेत, पण विरळ. शेजारी त्याची पांढरी गाडी लावून उतरला आणि म्हणाला, "बघ, माझ्या गाडीवर एकही नाही!"

मी काही बोललो नाही. मात्र दुसऱ्या दिवशी खाली आणखी दोन कॅन दिसले. ते कोणी ठेवले हे भाऊही सांगत नाही.